गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल पायाच्या ठेवणीप्रमाणे कसे बसवावे?

लांबपल्ला (प्रश्न)

नमस्कार. मोटारसायकलवर बसून दीड-दोन तास झाले की माझ्या दोन्ही नडग्यांच्या पुढच्या बाजूला कळ लागते आणि खाली उतरून थोडे चालल्याशिवाय ती जात नाही. माझी उंची १८३ सेंटिमीटर आहे आणि बुटाचे माप युरोपीय ४५ आहे. पूर्वी मी पातळ तळव्याचे साधे बूट घालून गाडी चालवत असे, तेव्हा त्रास कमी होता. घोटा झाकणारे, पुढे कडक टोपी असलेले रायडिंग बूट घेतल्यापासून तो स्पष्टपणे वाढला आहे.

डाव्या पायाचा पंजा गिअर लिव्हरखाली सहज शिरत नाही, त्यामुळे वरचा गिअर टाकण्याआधी प्रत्येक वेळी पाय फूटरेस्टवरून मागे ओढून तिरका करावा लागतो. उजवीकडे अडचण वेगळी आहे. ब्रेक पेडल इतके वर आहे की त्यावर नकळत दाब पडू नये म्हणून मी पंजा सतत उचलून धरतो.

माझ्या गाडीला मागे डिस्क ब्रेक आहे. गिअर लिव्हर थेट इंजिनाच्या शाफ्टवर नसून एका आडव्या दांडीने शाफ्टवरच्या लहान आर्मला जोडलेला आहे. मी दोन प्रयत्न केले. शाफ्टवरचा आर्म काढून शाफ्टच्या भोवतीच्या दात्यांवर एक दाता पुढे सरकवून बसवला, तर लिव्हर फारच वर गेला. पंजा खाली शिरू लागला खरा, पण खालचा गिअर टाकताना पाय फूटरेस्टवरून पूर्ण उचलावा लागू लागला आणि दोनदा गिअर अर्धवट लागून न्यूट्रलसारखी स्थिती झाली. म्हणून तो पुन्हा जागेवर आणला. दुसरा प्रयत्न ब्रेकचा. पेडलच्या मागे असलेला स्टॉपर बोल्ट फिरवून मी पेडल सुमारे १० मिलिमीटर खाली आणले. पायाला एकदम बरे वाटले, परंतु तेव्हापासून ब्रेक लाइट विझत नाही. स्विच बिघडला असे समजून मी नवा मागवण्याच्या विचारात आहे.

माझे प्रश्न असे आहेत: या सगळ्याचा क्रम काय असावा, लिव्हर किती वर-खाली करावा हे कशावरून ठरवावे, आणि फूटरेस्टच खाली घेणे हा अधिक योग्य उपाय ठरेल का?

दहा_अकरा_पाना

बाकी सर्व नंतर पाहू. आपण कृपया ही गाडी अशा स्थितीत रस्त्यावर नेऊ नका. आपल्या ब्रेक लाइटचा स्विच बहुधा उत्तम आहे आणि तो आपल्याला खरी माहिती देत आहे: पेडल कायम थोडे दाबलेले आहे.

स्टॉपर बोल्टने फक्त पेडल वर कुठे थांबते ते ठरते. मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यात) जाणाऱ्या पुशरॉडची, म्हणजे पेडलचा दाब आतल्या पिस्टनला देणाऱ्या दांडीची, लांबी त्याने बदलत नाही. आपण पेडल १० मिलिमीटर खाली आणून अडवले, पण पुशरॉड तेवढाच लांब राहिला, म्हणजे पाय काढल्यावरही तो पिस्टनला किंचित आत ढकलून ठेवत आहे. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या विश्रांतीच्या जागेपुढे एक अगदी बारीक भोक असते, ज्यातून ब्रेक ऑइल वरच्या टाकीत परत जाऊ शकते. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते भोक उघडे राहते. ते झाकलेले राहिले आणि गाडी चालता चालता डिस्क तापली, की तापून फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट उरत नाही. मग ते ऑइलच पॅडना डिस्कवर दाबते, त्याने उष्णता वाढते, ऑइल आणखी फुगते आणि शेवटी मागचे चाक पायाचा स्पर्शही नसताना जाम होते. अशा रीतीने तापलेली डिस्क मी स्वतः पाहिली आहे. तिच्यावर निळसर झाक आली होती आणि पॅड जळाल्याचा वास चार हातांवरून येत होता.

दुरुस्ती अवघड नाही. पुशरॉडच्या खालच्या टोकाला, पेडलशी जोडणाऱ्या दोन कानांच्या जोडाच्या वर, एक लॉकनट (जुळवलेली जागा हलू न देणारा नट) असतो. तो सैल करून पुशरॉड फिरवला की त्याची परिणामी लांबी कमी-जास्त होते. आपल्याला पेडल खाली हवे आहे, म्हणून बहुतेक रचनांमध्ये रॉड जोडाच्या आत जायला हवा, म्हणजे तो आखूड व्हायला हवा. आधी स्टॉपर बोल्ट पेडलपासून दूर करा, पुशरॉडने पेडलची उंची ठरवा, आणि सर्वांत शेवटी स्टॉपर पेडलला हलकेच टेकेल इतका आणून त्याचा लॉकनट घट्ट करा. काही गाड्यांना स्टॉपर बोल्ट नसतोच. तिथे उंची केवळ पुशरॉडनेच ठरते. ज्यांना पेडल वर घ्यायचे आहे त्यांना रॉड जोडातून बाहेर काढावा लागतो आणि तिथे धोका उलटा असतो, कारण आटे फार थोडे अडकलेले राहू शकतात. म्हणूनच पुष्कळ गाड्यांच्या जोडाला बाजूने भोक ठेवलेले असते. त्या भोकातून पुशरॉडचे टोक दिसलेच पाहिजे.

काम झाल्यावर दोन तपासण्या चुकवू नयेत. पहिली, गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवा, पेडल जोरात दाबून सोडा आणि चाक लगेच पहिल्यासारखे मोकळे फिरते का ते पाहा. दुसरी, पेडल बोटाने अगदी हळू खाली ढकला. पुशरॉड पिस्टनला टेकण्याआधी एक-दोन मिलिमीटरची रिकामी चाल बोटाला जाणवली पाहिजे. शंका राहिली तर टाकीचे झाकण आणि त्याखालचे रबर काढून, कडेने फडके लावून, पेडल हलके दाबा: भोक उघडे असेल तर चालीच्या सुरुवातीलाच ऑइलच्या पृष्ठभागावर लहानसा तरंग उठतो. पेडल सावकाश दाबा, कारण ऑइल उसळून डोळ्यांत जाऊ शकते, आणि रंगावर सांडले तर तत्काळ पाण्याने धुवा, कारण डॉट ४ प्रकारचे ऑइल गाडीचा रंग उतरवते.

ब्रेक लाइटचे काम याच्यानंतरचे. स्विचला प्लास्टिकचा नट असतो. स्विचचे अंग एका हाताने स्थिर धरून फक्त तो नट फिरवायचा. अंगच फिरवले तर वायरींना पीळ बसतो. पेडलची मोकळी चाल संपून ब्रेक धरू लागण्याच्या किंचित आधी दिवा लागावा आणि पाय काढताच विझावा.

सरळ_दांडी

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी गिअर लिव्हरविषयी लिहितो, कारण एक दाता सरकवल्यावर लिव्हर इतका का उडाला, हे हिशेबाने पाहिले की पुढचा मार्ग आपोआप दिसतो.

समजा शाफ्टवर २४ दाते आहेत. एका दात्याला १५ अंश आले. आर्मची लांबी ३५ मिलिमीटर धरली तर त्याचे टोक सुमारे ९ मिलिमीटर सरकते आणि दांडीही तितकीच सरकते. लिव्हरवर दांडी जिथे जोडली आहे ते अंतर टेकूपासून (लिव्हर ज्याभोवती फिरतो त्या बिंदूपासून) ४० आणि पंजा जिथे लागतो ते अंतर १२० मिलिमीटर असेल, तर तीच चाल पंजाजवळ तिप्पट होते, म्हणजे २७ मिलिमीटर. आपल्या बुटाला लागणारा फरक बहुधा ८ ते १२ मिलिमीटरचा असेल. त्यामुळे एक दाता हे माप आपल्या कामासाठी मुळातच फार मोठे आहे. (आपल्या गाडीची मापे वेगळी असतील, मोजपट्टी लावून हाच हिशेब करावा.)

दुसरी गोष्ट कोनाची. गिअर न टाकलेल्या स्थितीत दांडी आणि शाफ्टवरचा आर्म यांच्यात ९० अंशांच्या जवळपास कोन असावा. तसे असेल तर वर आणि खाली दोन्ही दिशांना पायाचा जोर सारखा पोहोचतो. आपण आर्म एका बाजूला १५ अंश नेला, त्यामुळे एका दिशेची चाल काटकोनाकडे येत होती आणि दुसऱ्या दिशेची त्याच्यापासून आणखी दूर जात होती. त्यातच पाय उचलून वरून दाबावा लागत होता आणि घोट्याला चाल पूर्ण करता येत नव्हती. गिअर अर्धवट लागण्याचे कारण मला या दोन गोष्टींच्या एकत्र येण्यात दिसते, आणि त्यात पायाच्या अडचणीचा वाटा मोठा असावा. अर्धवट लागलेला गिअर पुन:पुन्हा निसटला की आतल्या गिअरच्या दातांच्या कडा गोल होतात आणि मग तो गिअर कायमचा निसटू लागतो, म्हणून आपण आर्म लगेच मागे आणला हे चांगले केले.

आता दांडीकडे पाहा. तिच्या दोन्ही टोकांना फिरते सांधे आणि दोन लॉकनट असतील. एका टोकाचे आटे सरळ असतात आणि दुसऱ्याचे उलटे. उलट्या आट्यांच्या लॉकनटवर अनेकदा बारीक खाच किंवा रेघ असते, पण नेहमीच असते असे नाही. नट हलत नसेल तर जोर लावण्याआधी तो कोणत्या बाजूचा आहे ते आट्यांचा कल पाहून ठरवावे. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा उलट्या आट्यांचा नट सैल करतो आहे असे समजून आवळतच गेलो आणि त्याच्या सहाही कडा गोल करून बसलो. नंतर पाना धरेना म्हणून तो कापून काढावा लागला.

दोन्ही लॉकनट सैल झाले की दांडी मधोमध बोटांनी फिरते. एम ६ मापाच्या साध्या आट्यांचा एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर, आणि दोन्ही टोकांचे आटे परस्परविरुद्ध असल्यामुळे दांडीचा एक पूर्ण फेरा म्हणजे २ मिलिमीटर. वरच्या तिपटीने पंजाजवळ तो ६ मिलिमीटर होतो. म्हणून सुरुवात अर्ध्या फेऱ्याने करावी. आधी दांडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, म्हणजे फेरे मोजता येतात आणि परत मागे येता येते. दोन्ही बाजूंचे आटे सांध्यात सारखे अडकलेले राहतील याकडे लक्ष ठेवा. एक बाजू जवळजवळ मोकळी आणि दुसरी पूर्ण आत, अशी दांडी खड्ड्यांच्या रस्त्यावर सुटू शकते. शेवटी दोन्ही सांधे एकाच प्रतलात सरळ धरून लॉकनट आवळावेत, नाहीतर सांधे अडकून लिव्हर जड होतो. शाफ्टवरच्या आर्मचा बोल्ट आपण काढला होता म्हणून तोही पुन्हा पाहा. एम ६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरते, आणि तो शाफ्टवरच्या खाचेतून पार गेलेला असला पाहिजे.

उंची किती हे मात्र पट्टीने ठरवू नका. नेहमीचे बूट घालून, गाडी स्टँडवर सरळ उभी असताना बसा, चवड्याच्या थोडा मागचा भाग फूटरेस्टवर ठेवा, डोळे मिटून पाय सैल सोडा, आणि कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा. त्या सैल स्थितीत बुटाचे टोक लिव्हरच्या रबराखाली न घासता शिरावे आणि घोटा वर वळवताच रबराला लागावे. खालच्या गिअरसाठी पंजा वर नेताना टाच फूटरेस्टच्या मागे किंचित उचलली जाणे ठीक आहे, मांडी उचलली जाणे ठीक नाही. बूट विश्रांतीच्या वेळी लिव्हरवर टेकलेला नको, कारण सततचा हलका दाबही आतल्या यंत्रणेवर पडत राहतो.

छोटी_पावले

माझी अडचण आपल्या अगदी विरुद्ध आहे. माझी उंची १५४ सेंटिमीटर आणि पाय लहान, म्हणून मी हे सर्व दुसऱ्या टोकाकडून शिकले आहे. फूटरेस्टवर पाय योग्य ठेवला तर माझा पंजा लिव्हरच्या रबरापर्यंत पोहोचतच नसे. वर-खाली करून तो प्रश्न सुटत नाही, कारण तो अंतराचा आहे. काही लिव्हरना पंजाचा खुंट (रबर चढवलेला, पंजा लागतो तो भाग) बसवण्यासाठी दोन-तीन भोके असतात, तर काहींत खुंटाचा बोल्ट मध्यभागी नसतो, त्यामुळे खुंट फिरवून बसवला की अंतर काही मिलिमीटरने बदलते. आपला बूट ४५ मापाचा आहे, तेव्हा आपणही खुंट पुढच्या भोकात नेता येतो का ते आधी पाहावे. कदाचित उंचीला फारसा हात लावावाच लागणार नाही.

फूटरेस्टविषयी आपण विचारले आहे, आणि क्रमाच्या दृष्टीने मला तो प्रश्न पहिला वाटतो. गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल ही दोन्ही फूटरेस्टच्या संदर्भात बसवायची असतात. आज सर्व नीट जुळवले आणि पुढच्या महिन्यात फूटरेस्ट २५ मिलिमीटर खाली घेतले, तर सगळे काम पुन्हा करावे लागेल. म्हणून आधी बसण्याची जागा आणि फूटरेस्ट यांचा निर्णय घ्यावा.

तो निर्णय गुडघ्याला विचारून घ्यावा, नडगीला विचारून नाही. आपण लिहिलेली कळ नडगीच्या पुढच्या स्नायूची आहे, आणि पंजा वर उचलून धरण्याचे काम तोच स्नायू करतो. फूटरेस्ट खाली नेऊन पेडल होते तिथेच राहिले, तर पंजा आणखी उचलावा लागेल आणि दुखणे वाढेल. त्याऐवजी तासाभराने गुडघे आखडत असतील, मांड्यांचे सांधे भरून येत असतील, तरच फूटरेस्ट खाली घेण्यात अर्थ आहे. त्याची किंमतही मोजावी लागते: वळणावर गाडी झुकवली की फूटरेस्ट लवकर जमिनीला लागते. काही वेळा पेडल आणखी खाली न्यायला सायलेन्सर आडवा येतो. सीटच्या फोममध्ये २० मिलिमीटर भर घातली तर गुडघ्याला जवळपास तेवढीच मोकळीक मिळते आणि झुकण्याची जागा शाबूत राहते. मला सीट वाढवणे परवडत नाही, कारण माझे पाय जमिनीला टेकेनासे होतात, पण आपल्या उंचीला ती अडचण येऊ नये.

ज्यांना खराब वाटेवर बराच वेळ उभे राहून गाडी चालवायची असते त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की उभे राहिल्यावर नडगी आणि पाऊल यांच्यातला कोन बदलतो आणि बसून सोयीचे वाटणारे पेडल फार खाली वाटू लागते. दोन्हींच्या मधली उंची शोधावी लागते, आणि ती उभे राहूनही तपासावी लागते.

लांबपल्ला

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ब्रेकविषयीचे उत्तर वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी गाडी स्टँडवर घेतली. चाक हाताने फिरवले तर ते अर्धा फेरा जाऊन थांबत होते आणि पॅड घासल्याचा बारीक आवाज येत होता. स्टॉपर बोल्ट मागे घेतल्याबरोबर तेच चाक तीन फेरे फिरले. ही गोष्ट मी आठवडाभर लक्षात घेतली नव्हती आणि त्या आठवड्यात दोनशे किलोमीटर गाडी चालवली होती. नवीन स्विच घेण्याचा विचार अर्थातच सोडला.

माझे गुडघे दुखत नाहीत, त्यामुळे फूटरेस्टला हात लावणार नाही. माझ्या भावाच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे आणि त्याचीही तक्रार पेडल उंच असल्याचीच आहे. तिथेही हाच क्रम लागू होतो का?

दहा_अकरा_पाना

क्रम तोच, भाग वेगळे. ड्रम ब्रेकमध्ये पेडलची उंची स्टॉपर बोल्टने ठरते आणि मोकळी चाल मागच्या चाकाजवळ ब्रेक रॉडच्या टोकावरच्या नटने. म्हणून आधी उंची, मग चाल, मग दिवा. पेडलच्या टोकाला बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल सांगितलेली असते. आपल्या भावाच्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. रॉडच्या नटला गोलाकार खाच असते आणि ती आर्मच्या गोल पिनवर नीट बसली पाहिजे, त्यामुळे तो अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानेच आवळावा लागतो. मध्येच सोडला तर पहिल्या दाबाला खाच जागेवर सरकते आणि चाल बदलते.

चेन ताणायची असेल तर ती याआधी ताणावी. चेन ताणताना चाक मागे सरकते, ब्रेक रॉड तेवढा खेचला जातो आणि आधी मोजून ठेवलेली मोकळी चाल कमी होते. पेडल खाली घेतल्यावर ते पूर्ण दाबले असता सायलेन्सरला किंवा फूटरेस्टच्या कंसाला टेकत नाही ना, हेही पाहा, कारण टेकल्यास पाय पूर्ण जोर लावत असूनही ब्रेक पूर्ण लागत नाही.

लांबपल्ला

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. गिअर लिव्हरचा खुंट पुढच्या भोकात नेला आणि दांडी एकूण दीड फेरा फिरवली. पंजाजवळ मोजल्यावर लिव्हर ९ मिलिमीटर वर आला आहे. पहिल्या अर्ध्या फेऱ्याने काहीच जाणवले नाही, दुसऱ्याने बूट शिरू लागला, तिसऱ्याने घासणे थांबले. चौथा करून पाहिला, तर खालच्या गिअरला मांडी उचलली जाऊ लागली, म्हणून तो मागे घेतला. उलट्या आट्यांचा नट आमच्याकडे पुढच्या टोकाला निघाला आणि त्यावर कोणतीही खूण नव्हती.

ब्रेक पेडल पुशरॉडने मूळ जागेपेक्षा ७ मिलिमीटर खाली आहे. जोडाच्या भोकातून रॉडचे टोक दिसते, बोटाला रिकामी चाल लागते, दिवा पाय काढताच विझतो. प्रत्येक लॉकनटवर आणि शेजारच्या भागावर मिळून एक पांढरी रेघ ओढून ठेवली होती. मोकळ्या मैदानात कमी वेगाने दोन्ही ब्रेक पुन:पुन्हा तपासले, मग ऐंशी किलोमीटर चालवून रेघा पाहिल्या. गिअरच्या दांडीच्या मागच्या नटची रेघ किंचित तुटलेली दिसली, म्हणून तो पुन्हा आवळला. बाकीच्या जशाच्या तशा होत्या.

काल सलग तीन तास गाडी चालवली. डावी नडगी दुखली नाही. उजवीला शेवटच्या अर्ध्या तासात थोडा ताण जाणवला, आणि तेव्हा लक्षात आले की पेडल खाली गेले असूनही जुन्या सवयीने मी पंजा उचलूनच धरला होता. तो सैल सोडला तेव्हा बुटाचा तळवा पेडलच्या वर साधारण बोटभर अंतरावर आपोआप थांबला.